सालभर साल

कुडाळच्या वखारीत फळ्या फुटावर विकतात,
भुसा पोत्यावर,
आणि साल तशीच देतात. न्या बाई, जागा मोकळी करा.
पहिल्या खेपेला मी टेम्पोभर आणली वेंगुर्ल्याला,
कोयत्याने तोडली,
काथ्याच्या भुशात कालवली, वर दोन मुठी तांबडी माती,
आणि वांग्याचं बी पेरलं.

नवव्या दिवशी वर आलं सगळं.
विसाव्या दिवशी दोनशे रोपं
कावीळ झाल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

बस्त्यांव तेव्हा करवतीवर असायचा,
डाव्या हाताची साडेतीन बोटं.
ट्रे बघून हसला नाही, एक रोप उपटलं,
मुळाशी चिकटलेला तुकडा नखाने खरवडला.
"ताजी साल भुकेली आसता," म्हणाला.
"कुजता कुजता समळा तीच खाता, रोपाक काय्येक उरणा नाय.
सालीक सालभर दी."

मला वाटलं, शब्दाचा खेळ करतोय.
तो ते रोप पुन्हा मातीत खोचत होता, मेलेलंच,
पण नीट, सरळ उभं.

मग विहिरीमागे ढीग.
खाली शेण, वर झावळ्या,
रोज त्यावर मासे धुतल्याचं पाणी.
मांजरं महिनाभर फसली, मग त्यांनी नाद सोडला.
फावड्याने उलथायचं, कंबर धरून उभं राहायचं, पुन्हा उलथायचं.
आधी वास आंबट, शिळ्या ताडीचा.
मग काताचा, जीभ आक्रसेल असा.
मग कितीतरी दिवस कसलाच नाही,
आणि मी घाबरले, की काहीतरी बंद पडलं आत.
थंडीत एकदा पहाटे कोपरापर्यंत हात घातला.
आजारी मुलाच्या कपाळाइतकं ऊन.

तेव्हा कळलं, चालू आहे.

चाळायला रवळी घेतली, तांदूळ धुवायची, जुनी.
खाली पडेल ते बियांसाठी.
वालाच्या दाण्याएवढं राहील ते कुंड्यांना.
त्याहून मोठं शेजारच्या निर्मलाला, तिच्या आमरीसाठी,
ती बदल्यात सुंगटं देते, कधी देत नाही.
मूठ आवळून बघायची: बोटांत ओल यावी, थेंब पडू नये.
एवढंच शास्त्र मला येतं.

यंदा रवळीत एक तुकडा राहिला, तळहाताएवढा.
काळा झालेला, कडा मऊ,
पण पाठीवर पांढरा पट्टा तसाच, आणि निळ्या रंगात
चार, एक, आणि पुढे एक वळण,
जे सातचं असेल किंवा नवाचं.

हायवे रुंद करायच्या आधी
कोणीतरी येऊन झाडांवर आकडे टाकून गेलं होतं.
त्यातल्याच एका आंब्याखाली मी मिरचीची रोपं घेऊन बसायचे.
गाड्या थांबायच्या.
पाठ टेकलेली असायची खोडाला, म्हणून
आकडा कितीचा, ते मी कधी वाचलंच नाही.

बस्त्यांवला तुकडा नेऊन दाखवला.
त्याने डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.
"करवतीक वाचूक येणा नाय," म्हणाला,
आणि खिशात चष्मा शोधत राहिला. चष्मा नव्हता.

घरी आणून ठेवला रातांब्याच्या कुंडीत, तळाच्या भोकावर,
पाणी निघून जावं, माती जाऊ नये म्हणून.
रंग वर की खाली, याचा थोडा विचार केला.
मग वरून भरून टाकलं.

रविवारी एका गिऱ्हाइकाने तीच कुंडी उचलली,
हातात तोलली.
"हलकी आहे हो," म्हणाला. "माती कमी घातलीत."
हो म्हटलं. साल जास्त आहे.
त्याने शंभराची नोट दिली,
मी सुट्टे मोजत बसले.